एनोकाने घेतलेली लाट

लाटेला मार्क देणारा माणूस एनोकाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. वाळूत लाकडी मनोरा, मनोऱ्यावर ताडपत्री, ताडपत्रीखाली पाच जण. पाचांच्या नाकाला पांढरं मलम आणि पाचांच्या हातात पेन्सिल. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर तरी बसतात. हे बसले होते घडीच्या खुर्च्यांवर, आणि त्यातल्या दोघांना पोहता येत असेल की नाही याचीच एनोकाला शंका होती.

तेव्हा त्याला वाटलं होतं, येतील, चार दिवस मिरवतील, पाठ भाजली की परत जातील. गेले कुठले! दर हिवाळ्यात उत्तरेकडच्या मोठ्या लाटा सुरू झाल्या, की त्यांच्यामागोमाग हे हजर. एका वर्षी बिअरवाल्यांचे पैसे, एका वर्षी अंगाला फासायच्या तेलवाल्यांचे. आता तर म्हणे हा धंदा झाला होता. लाटेवर उभं राहायचा पगार. जगभर फिरून उभं राहायचं, गुण जमवायचे आणि वर्षाच्या शेवटी जगात पहिला कोण ते ठरवायचं. आपल्या बेटावरच्या मकाहाच्या किनाऱ्यावर बसून एनोका हे ऐकायचा आणि थुंकायचा.

“यांच्या पणज्यांनी बोटीतून उतरल्या उतरल्या आमच्या पणज्यांना सांगितलं, नागडे होऊन लाटांवर काय खेळता, पाप लागेल,” तो सांगायचा. “आता त्यांचीच पणतवंडं येऊन शिकवतात, असे खेळा, म्हणजे साडेसात मिळतील.”

यातली आणखी एक गंमत फक्त त्यालाच कळायची, कारण तो नगरपालिकेची कचऱ्याची गाडी चालवायचा. स्पर्धा संपली की चषक कुणीतरी ऑस्ट्रेलियाला नाहीतर कॅलिफोर्नियाला घेऊन जायचं, आणि बिअरचे डबे, कागदी पेले, फाटके फलक हे सगळं एनोकाच्या वाट्याला यायचं. तीन लग्नांचा कचरा एका स्पर्धेत निघतो, असा त्याचा हिशोब होता. पहाटे चारला गाडी काढायची, दहाला मोकळं व्हायचं, घरून लाटेवर उभं राहायची फळी उचलायची आणि खडकांच्या टोकाशी, लाट जिथे पहिल्यांदा उठते तिथे जाऊन बसायचं, हे त्याचं चाळीस वर्षांचं व्रत. ती जागा एनोकाची, हे मकाहात कुणाला सांगावं लागत नसे.

आणि अशा माणसाच्या पोटी हौनानी जन्माला आली होती.

हौनानी बावीस वर्षांची, वायकिकीच्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. जायला दीड तास बस, यायला दीड तास बस, आणि मधले आठ तास वाफ. लाटेवर मात्र अशी, की म्हातारी माणसं हातातला गळ खाली ठेवून बघायची. दोन वर्षांपूर्वी तिने स्पर्धेत नाव घातलं तेव्हा एनोका आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मार्कांसाठी लाट घेणारी पोर माझ्या घरात नको, असं त्याने बायकोला सुनावलं. ही बायको, लाहेला, त्याचेच मोजे धूत होती. ती म्हणाली, “तुझ्या घरात कचऱ्याचे मोजे धुणारी चालते ना? मग मार्क घेणारीही चालेल.”

पहिली दोन वर्षं हौनानीचं काही झालं नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. पाणी आरशासारखं असायचं तेव्हा पुरुषांच्या फेऱ्या. दुपारी वारा सुटला, लाटांचा चिखल झाला, की भोंग्यावरून सांगायचे, आता बायकांनी जावं. त्या खदखदाटात ती एकदा चौथी आली, एकदा तिसरी. एनोका त्यावरही हसला. भिकाऱ्याच्या पंगतीत बसलीस तर उष्टंच मिळणार, असं म्हणाला. तिने फळीला मेण लावलं आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला लागली.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. त्या डिसेंबरात पहिल्यांदाच बायकांची शेवटची फेरी सकाळी अकराला ठेवली होती, लाटा चांगल्या असतानाच. पहिली येईल तिला पुढच्या वर्षीच्या सगळ्या स्पर्धांची विमानाची तिकिटं: ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील, दक्षिण आफ्रिका. दुसरीला काही नाही, दुसरीला हार आणि टोपी. हौनानीपुरता प्रश्न सरळ होता. पहिली आली तर समुद्र, नाहीतर चादरी.

आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली.

“बाबा, उद्या अकराला माझी फायनल आहे. बघायला आला नाहीत तरी चालेल. पण तेवढा अर्धा तास पाण्यात जाऊ नका.”

“पाण्यात मी रोज जातो.”

“म्हणूनच सांगते.”

एनोकाने दोन बोटांनी पोईचा, अळूच्या कांद्याच्या लगद्याचा, घास उचलला, वर सुक्या माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. तुमच्या सर्कशीत मला रस नाही, असं म्हणाला. हौनानीने तो होकार धरला आणि तिचा चेहरा उजळला. लाहेलाने धरला नाही. तिने तेहतीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती.

खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी त्याचा पाण्यात जायचा विचार नव्हता. गाडी लावून तो घरी आला, भात, अंडं आणि सॉसेज खाल्लं, ओट्यावर पाय पसरून बसला. पण लाटांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. असा आवाज हिवाळ्यात चार-पाच वेळाच येतो. एनोका उठला, नुसतं बघून येतो म्हणाला, आणि जाताना फळी काखेत मारली. नुसतं बघायला जाणाऱ्याला फळी कशाला लागते, हे लाहेलाने विचारलं, पण तोवर तो कुंपणाबाहेर गेला होता.

वाळूत लाल दोरी बांधली होती. दोरीपाशी एक विशीतला पोरगा उभा, गळ्यात बिल्ला, नाक सोललेलं, बोलणं कॅलिफोर्नियाचं. त्याने एनोकापुढे हात आडवा धरला आणि अगदी अदबीने सांगितलं, “माफ करा सर, एक वाजेपर्यंत पाणी बंद आहे.”

एनोकाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“काय बंद आहे?”

“पाणी, सर. परवाना आहे आमच्याकडे.”

पोराने खरोखरच पिशवीतून कागद काढून दाखवला, खाली शिक्का, शिक्क्यावर सही. एनोकाचे वाडवडील जिथे बुडाले, जिथे त्याला त्याच्या बापाने चौथ्या वर्षी पाठीवर घेऊन लाटेत उभं केलं, ते बंद. चहाचं दुकान असावं तसं बंद, एक वाजता उघडणार. समुद्र काय यांच्या बापाचा होता? एनोकाने कागद वाचला नाही. त्याने पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बराय म्हणाला, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने निघून गेला. पोराला वाटलं, म्हातारा समजूतदार आहे.

म्हातारा खडकांच्या मागे गेला. तिथून एक वाट पाण्यात उतरते, ती बाहेरच्यांना ठाऊक नाही. फळीवर पालथा पडून दहा मिनिटं हात मारत तो वळसा घालून गेला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मी लाट घेणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. नुसता बसेन. माझ्या जागेवर मी बसलेला त्या मनोऱ्यावरच्या दीडशहाण्यांना दिसू दे, आणि दोरीवाल्या पोराला दिसू दे, म्हणजे बास.

पाण्यात चौघी जणी होत्या, चार रंगांच्या बंड्या घातलेल्या. हौनानी लाल बंडीत, एनोकापासून वीसेक हातांवर, किनाऱ्याच्या बाजूला. तिने बापाला पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं ते एनोकाला पटकन ओळखता आलं नाही. ती वळून समुद्राकडे बघत बसली. तिच्या पलीकडे पिवळ्या बंडीत ऑस्ट्रेलियाची ग्लेनिस, खांदे बैलासारखे आणि दम त्याहून मोठा. ती मिळेल ती लाट घेत होती, लहान घेत होती, फुटकी घेत होती, उभी राहून हात उडवत होती. बाजारात भाजी उपसणाऱ्या बाया असतात, तसं तिचं चाललं होतं. आणि मनोऱ्यावरचे पाच जण पेन्सिली चालवत होते. हौनानी थांबून, निवडून घ्यायची. तिने घेतलेली एक लाट एनोकाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. गुडघे किती वाकवायचे ते त्यानेच तिला शिकवलं होतं.

वाऱ्यावर भोंग्याचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. पाच मिनिटं राहिली. पिवळी पुढे. लालला फक्त एक चांगली लाट हवी. एनोकाला ते स्वच्छ ऐकू आलं. हिशोब करा लेको, असं म्हणून तो पाण्यात थुंकला.

आणि मग क्षितिजाचा रंग बदलला.

एनोकाला ती इतर कुणाच्याही आधी दिसली. दोन लाटा मध्ये होत्या, तिसरी ती होती, काळी, लांबलचक. अशी लाट दिवसातून एकदाच येते, आणि कित्येक दिवशी येतही नाही. ती कुठे उठणार हेही त्याला कळलं. ती त्याच्या फळीखालीच उठणार होती. हौनानीलाही दिसली. तिने फळी वळवली, पालथी झाली, दोन हात मारले.

मकाहात एक रीत आहे, ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही. वडीलधारं माणूस टोकाशी बसलेलं असेल, तर लाट आधी त्याची. ते घेईल, नाहीतर ‘हेले’ म्हणेल, म्हणजे जा. त्याने जा म्हटलं की मग पोरासोरांनी घ्यायची. त्याच्या आधी हात मारायचे नाहीत. हौनानी नऊ वर्षांची असताना शेजारच्या म्हाताऱ्याच्या पुढ्यातून तिने लाट घेतली होती, तेव्हा एनोकाने महिनाभर तिची फळी छपराला टांगून ठेवली होती. म्हाताऱ्याच्या घरी जाऊन पायाशी बसायला लावलं होतं. ती रीत तिच्या हाडात गेली ती तेव्हाच.

तिने दोन हात मारले आणि मान वर करून बापाकडे पाहिलं. एनोकानेही पाहिलं. बापलेकीच्या नजरेला नजर मिळाली. एक शब्द, दोन अक्षरं. तोंडात होता तो. पण लाट फळीखाली आली होती, फळीचं शेपूट उचललं गेलं होतं, आणि चाळीस वर्षं ज्या अंगाने एकच काम केलं होतं त्या अंगाने तेच काम केलं. एनोकाने तीन हात मारले आणि तो उभा राहिला.

हौनानीने फळीवर उठून बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि लाट आपल्याखालून जाऊ दिली.

लाटेचं काय सांगायचं! घराएवढी होती. छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, कचरागाडीचा माणूस तिच्यावर असा उभा होता, की पाय जणू तिथेच रुजले असावेत. हात उडवणं नाही, धडपड नाही. खडकांपासून निघाला तो सगळी खाडी ओलांडून थेट वाळूपर्यंत आला, आणि शेवटी परतीच्या पाण्याने उसळी मारली तिथेही गुडघा एक बोटभर वाकवून निघून गेला. किनाऱ्यावर दोन हजार माणसं उभी राहिली. शिट्ट्या, आरोळ्या. भोंगेवाला ओरडत होता, “बाईमाणूस नाही हो हे! कोण आहेत काका? दहा द्या, काकांना दहा द्या!” मनोऱ्यावरच्या पाचांतल्या दोघांनी खरोखरच दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.

एनोका फळी काखेत मारून गुडघाभर पाण्यात उभा होता. तो हसत होता. कुणी बघतंय का म्हणून त्याने गर्दीकडे पाहिलं, आणि सगळे बघत होते. हे लाजिरवाणं आहे, पण घडलं तसं सांगायला हवं. त्याला गोड वाटलं. त्याने हातसुद्धा हलवला.

तेवढ्यात फेरी संपल्याचा भोंगा झाला. एनोकाने मागे वळून पाहिलं. हौनानी फेसाच्या एका फुटक्या लाटेवर पालथी पडून किनाऱ्याकडे येत होती, उभी न राहता.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हसू तिथल्या तिथे मावळलं.

आयोजकांचा तंबू मनोऱ्याच्या मागे होता. या तंबूचं पाणी मी पाय धुवायलाही वापरणार नाही, असं एनोका दहा वर्षं सांगत आला होता. आता तो ओल्या चड्डीने त्याच्या दारात उभा होता. मुख्य पंच रँडल उठून पुढे आला, त्याने एनोकाचा हात दोन्ही हातांत घेतला. पाणी बंद असताना आत गेलात, खरं म्हणजे मला दंड करायला हवा, पण लोकांना तुम्ही फार आवडलात, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी जुन्या लोकांची एक शोभेची फेरी ठेवू, तुमचं चित्र फलकावर लावू. त्याने बिअरही पुढे केली.

एनोकाने बिअर घेतली नाही. हौनानी माझी मुलगी आहे, त्याने सांगितलं, ती लाट तिची होती, माझ्यामुळे गेली. फेरी पुन्हा घ्या. दंड करा, मला हाकलून द्या, मी पुन्हा कधी येणार नाही, पण पाच मिनिटं तिला द्या. आयुष्यात कुणापुढे तो असा बोलला नव्हता, आणि बोलत होता तो नाकाला मलम लावलेल्या माणसापुढे.

रँडल वाईट माणूस नव्हता. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं.

“ती लाटेवर असती आणि तुम्ही आडवे आला असता, तर मी फेरी पुन्हा घेतली असती,” तो म्हणाला. “पण ती लाटेवर नव्हती. ती स्वतःहून थांबली. पाचही जणांनी तेच लिहिलंय. का थांबली?”

“मी तिथे होतो म्हणून.”

“तुम्ही तिला अडवलंत?”

“नाही.”

“मग?”

एनोकाने रीत सांगायला तोंड उघडलं. वडीलधारं माणूस, टोकाची जागा, आधी त्याने घ्यायची नाहीतर जा म्हणायचं. सांगता सांगता शेवटच्या वाक्याशी तो अडला, कारण रँडल पुढे काय विचारणार हे त्याला दिसलं. रँडलने विचारलंच.

“मग तुम्ही जा का म्हणाला नाहीत?”

रँडलने पुस्तक मिटलं आणि याला आमच्याकडे रकाना नाही हो, असं म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर भोंग्यावरून ग्लेनिसचं नाव पुकारलं जात होतं. फरक अर्ध्या गुणाचा होता.

हौनानी नळाखाली फळी धूत होती. गळ्यात हार, डोक्यावर कंपनीची टोपी. एनोका जवळ जाऊन उभा राहिला. चार बिल्लेवाले जाता जाता थांबले, काका काय लाट घेतलीत, म्हणाले, एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग ते पुढे गेले.

“मी बोललो त्यांच्याशी,” एनोका म्हणाला. “ऐकत नाहीत. माणसंच तसली.”

“त्यांचं काय चुकलं?”

एनोका म्हणाला, “मला तू दिसलीच नाहीस बेटा. ऊन होतं डोळ्यांवर.”

हौनानीने नळ बंद केला. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“ऊन डोक्यावर होतं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंत माझ्याकडे. मी थांबले होते. वाटलं, आज तरी तुम्ही जा म्हणाल.”

पेन्सिलवाले, बिल्लेवाले, तेलवाले, बिअरवाले, दहा वर्षं त्याने एकेकाला तोंडभरून शिव्या घातल्या होत्या. लबाड, नकलाकार, फुकटे. पण त्यांच्यातल्या एकानेही कधी स्वतःच्या पोरीच्या हातातली लाट काढून घेतली नव्हती. ते काम मकाहाच्या एनोकाने केलं होतं, सगळ्या किनाऱ्यादेखत, आणि वर हात हलवला होता.

त्याने तिची फळी उचलायला हात पुढे केला. हौनानीने फळी स्वतःच काखेत घेतली. “आईला सांगा, मी उशिरा जेवेन,” ती म्हणाली. “ग्लेनिसला भेटून येते. आणि सोमवारी माझी सकाळची पाळी आहे, बसपर्यंत तुमच्या गाडीतून सोडाल ना?”

सोडेन, असं एनोका म्हणाला.

ती गर्दीकडे चालत गेली. बक्षिसाच्या मंचापाशी ग्लेनिसने तिला मिठी मारली. एनोकाच्या पायाशी बिअरचा एक चेपलेला डबा पडला होता. तो त्याने उचलला, दुसराही उचलला, आणि सोमवारच्या कचरागाडीची वाट न बघता तो तिथेच वाळू साफ करत राहिला.